गाणे तेच, यंत्र तेच. मग गोडी गेली कुठे?

गेल्या काही वर्षांत पंचवटी, भद्रकाली आणि जुन्या नाशकातील कितीतरी कुटुंबे वाडे सोडून गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या इमारतींत राहायला गेली. ज्यांच्या घरी गाणे ऐकण्याची हौस होती, त्यांनी आपले अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर चादरींत गुंडाळून जपून नेले, नव्या हॉलमध्ये मांडले, आणि काही महिन्यांतच त्यांच्या लक्षात आले की आपण आता फारसे ऐकत नाही. यंत्र बिघडलेले नसते, ध्वनिमुद्रणे तीच असतात, वेळही पूर्वीपेक्षा जास्तच मिळत असतो. तरी दहा मिनिटांत हात बंद करण्याच्या बटणाकडे जातो.

मी स्वतः या अनुभवातून गेलो आहे. पंचवटीतल्या वाड्याच्या माडीवर वडिलांनी लावलेली जोडणी मी फ्लॅटमध्ये आणली आणि पहिले वर्षभर मी गाणे कमी व दोष जास्त ऐकले. आवाज कधी कर्कश वाटे, कधी घुमणारा. मी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा पंधरा दिवस बरे वाटले. मग जाड वायरी आणल्या, त्यांचे समाधान आठवडाभर टिकले. त्या काळात मला जे कुणी समजावून सांगायला हवे होते, ते येथे मांडतो आहे. गोडी जाण्याची कारणे तीन ठिकाणी असतात: खोलीत, यंत्रात आणि ऐकणाऱ्यात. आपण बहुतेक वेळा यंत्रातच शोधतो, कारण विकत घेता येण्यासारखी वस्तू तेवढीच असते.

हाय-फाय म्हणजे काय, आणि त्याची हद्द कुठे संपते

‘हाय-फाय’ हे ‘हाय फिडेलिटी’चे लघुरूप आहे आणि त्याचा अर्थ मूळ आवाजाशी जास्तीत जास्त प्रामाणिक राहणे असा होतो. ध्वनिमुद्रण वाचणारे साधन (तबकडी, सीडी किंवा मोबाइल), त्याचा क्षीण संकेत बळकट करणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्या संकेताचे हवेतील कंपनांत रूपांतर करणारे दोन स्पीकर, एवढी साखळी आपण विकत आणतो. परंतु स्पीकरपासून कानापर्यंतच्या प्रवासात आवाज खोलीतील प्रत्येक भिंतीला, फरशीला आणि छताला आदळतो. कानावर थेट आलेला आवाज आणि आदळून आलेला आवाज यांचे मिश्रण म्हणजे आपण ऐकतो ते गाणे. म्हणून खोली हा त्या साखळीचा शेवटचा, सर्वांत मोठा आणि दुकानात न मिळणारा भाग आहे.

तंबोऱ्याचे उदाहरण मला येथे नेहमी आठवते. तंबोरा कितीही उत्तम असला, तरी घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा केसभर चुकला, तर तारा बोलत नाहीत. वादक तेव्हा नवा तंबोरा आणायला जात नाही. तो दोरा हलवतो. हाय-फायच्या जोडणीत दोरा हलवण्याची जागा खोलीत आहे.

रिकामा हॉल आणि उशांचा प्रयोग

स्रोत थांबल्यावरही परावर्तनांमुळे खोलीत आवाज काही काळ रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाल म्हणतात. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक आहे, आणि ६० डेसिबलने उतरणे म्हणजे व्यवहारात आवाज जवळजवळ नाहीसा होणे.

या विषयाचे शास्त्र उशांतून जन्माला आले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे एका नव्या व्याख्यानगृहाची तक्रार आली. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे वक्त्याचे एक वाक्य दुसऱ्या वाक्यावर सांडत असे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री उसन्या आणून त्या सभागृहात पसरल्या, रात्रीच्या शांततेत निनाद मोजला आणि सकाळपूर्वी उशा परत पोचवल्या. त्यातून त्याला सूत्र मिळाले: खोलीचे घनफळ जितके मोठे, तितका निनाद लांब, आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त, तितका तो आखूड. शोषणाचे त्याचे मूळ माप ‘उघडी खिडकी’ हे होते, कारण उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आता हे सूत्र आपल्या हॉलला लावून पाहू. ५ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३ मीटर उंच हॉलचे घनफळ साडेबावन्न घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ८६ चौरस मीटर होते. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती, काचेची सरकती दारे आणि मोजकेच सामान असेल आणि पृष्ठभाग सरासरी शंभरातले पाचच भाग आवाज शोषत असतील, तर निनादकाल जवळजवळ २ सेकंद येतो. त्याच हॉलमध्ये गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा आणि पुस्तकांची कपाटे आली आणि सरासरी शोषण वीस भागांपर्यंत गेले, तर तो अर्ध्या सेकंदावर उतरतो. घरी ऐकण्यासाठी साधारण ०.३ ते ०.५ सेकंद हे माप चांगले मानतात. दोन सेकंदांच्या खोलीत द्रुत तान ऐकणे म्हणजे ओल्या कागदावर शाईने लिहिलेले वाचणे. अक्षरे सगळी असतात, पण कडा एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि मेंदू त्या सोडवता सोडवता दमतो. कारण न समजता येणारा कंटाळा पुष्कळदा हा दमल्याचा असतो.

माडीवर आवाज का चांगला लागे, हेही मला यातून उलगडले. लाकडी तक्तपोशी आणि लाकडी जमीन स्वतः किंचित थरथरते आणि खर्जातला, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांचा, आवाज पिऊन टाकते, कोपऱ्यात रचलेल्या गाद्या आणि गोधड्या वरचे स्वर शोषतात, आणि फडताळे, कोनाडे व खांब उरलेला आवाज विखुरतात. वडिलांनी यातले काहीही आवाजासाठी केले नव्हते. घरच तसे होते.

“म्हणजे हॉलमध्ये गाद्या रचून ठेवायच्या का?”

हा प्रश्न मला घरीच विचारला गेला. त्याचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. शोषण फार झाले तर आवाज मेल्यासारखा होतो; गाण्याला थोडा निनाद लागतोच. शिवाय पातळ कापड फक्त उंच स्वर शोषते. खालच्या स्वरांच्या लहरी काही मीटर लांब असतात आणि त्यांना पडदा जाणवतही नाही, त्यामुळे सगळीकडे पातळ गालिचे अंथरलेली खोली वरून मंद आणि खालून घुमणारी अशी विचित्र होते.

त्यापेक्षा नेमक्या जागी थोडेच करावे. आपण नेहमीच्या जागी बसावे आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगावे. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसतो, तेथूनच पहिले परावर्तन कानावर येते. दोन्ही बाजूंना त्या दोन जागी पुस्तकांचे कपाट, जाड पडदा किंवा भिंतीवर टांगलेली गोधडी आणि स्पीकर व बैठक यांच्या मधोमध गालिचा, एवढ्यावर आमच्या हॉलमधला कर्कशपणा निम्म्याहून अधिक गेला. खर्च पडद्याच्या कापडाचा झाला.

सोफा भिंतीला टेकलेला असतो, हीच अडचण

खर्जाची गोष्ट वेगळी आहे. परातीत पाणी घेऊन ती हलकेच पुढेमागे हलवली, तर कडांशी पाणी वरखाली होते आणि मध्यभागी ते जवळजवळ स्थिर राहते. जरा वेगाने हलवली, तर कडांबरोबर मध्यभागीही पाणी उसळते आणि मधल्या दोन पट्ट्या स्थिर राहतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये सापडलेला आवाज असाच वागतो. त्याला स्थिर तरंग म्हणतात. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे ५ मीटर लांबीच्या हॉलमध्ये असे पहिले दोन तरंग सुमारे ३४ आणि ६९ हर्ट्झला उभे राहतात (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने).

आता योगायोग पाहा. काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) हा अनेक पुरुष गायकांचा षड्ज, आणि त्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झलाच बोलते. म्हणजे त्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवून बसलेल्या माणसाला तंबोऱ्याचा खर्ज हवा त्यापेक्षा फुगलेला ऐकू येतो, आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर बसलेल्याला तोच खर्ज क्षीण लागतो. दोघेही एकच ध्वनिमुद्रण ऐकत असतात. यावर अ‍ॅम्प्लिफायर बदलून काहीही होणार नाही. सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढल्याने होते. स्पीकरही कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून असले, तर हेच तरंग जोराने उठतात. तेव्हा तेही पुढे घ्यावेत, दोन स्पीकर आणि आपली बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण करावा, आणि स्पीकरमधला उंच स्वरांचा लहान गोल आपल्या कानाच्या उंचीला आणावा. मी एका रविवारी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावून हॉलभर सावकाश चाललो. तीन पावलांत खर्ज येतो आणि जातो, हे ऐकल्यावर मला खरे तर वाईट वाटले, कारण नवा अ‍ॅम्प्लिफायर तेव्हा कपाटावर होता.

यंत्रच थकले असेल तर

यंत्राची तपासणी करू नये असे नाही. ती स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. सर्वांत आधी स्पीकरच्या मागच्या लाल आणि काळ्या वायरी पाहाव्यात. घर बदलताना एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या, तर एका स्पीकरचा कंप पावणारा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येतो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि समोर मध्यभागी उभा वाटायला हवा तो गायक खोलीभर विरून जातो. आवाज येत असतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड काळाने चुरा होते. ती नवी बसवून मिळते आणि स्पीकर टाकून द्यावा लागत नाही. तबकडीच्या सुईचे आयुष्य काहीशे तासांपासून फार तर हजारभर तासांचे असते. बराच काळ पडून राहिलेल्या जोडण्यांवर मळ चढतो, तो बंद यंत्रावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की खरखर बहुधा जाते. सतत बारीक गुणगुण येत असेल, तर बहुधा घरातील विजेची ५० हर्ट्झची कंपने अर्थिंगच्या दोषातून आत शिरत असतात, आणि ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनचे आहे.

“पण जास्त वॅटचे यंत्र घेतले तर फरक पडेलच ना?”

पडतो, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती ५० वॅटवरून १०० वॅट केली, तर आवाजाची कमाल पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट शक्ती. दुकानात मात्र फरक मोठा वाटतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर तो फरक मोठेपणाचा म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. ते यंत्र अधिक स्पष्ट, अधिक भरदार म्हणून आपल्याला आवडते. नाशिककरांना मिसळीवरून हे लगेच समजेल. जास्त तर्रीची मिसळ पहिल्या घासाला बाजी मारते, पण मटकीची चव कशी होती हे तिच्यावरून सांगता येत नाही. म्हणून तुलना करायचीच असेल, तर दोन्हींची पातळी मोजून समान करावी आणि कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. मी जाड वायरींची परीक्षा अशी घेतली, तेव्हा मला जुनी आणि नवी ओळखता आली नाही. चांगले स्पीकर आणि साधे स्पीकर यांत मात्र खरा, ऐकू येणारा फरक असतो. पैसे घालायचे असतील तर तेथे घालावेत, आणि तेही सोफा हलवून झाल्यावर.

हळू लावलेले गाणे पातळ का लागते

फ्लॅटमध्ये शेजारी असतात, त्यामुळे आपण आवाज कमी ठेवतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी मोजून दाखवले की पातळी उतरली की माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी अधिक कमी ऐकू येतात. म्हणजे डग्गा मागे सरतो, तंबोरा नाहीसा होतो आणि उरतो तो गळ्याचा पातळ भाग. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते, ते नेमके यासाठीच. कमी आवाजात ते खर्ज भरून काढते आणि मोठ्या आवाजात ते बंद ठेवायचे असते. आमच्या यंत्रावर ते होते, आणि ‘शुद्ध’ ऐकण्याच्या हट्टापायी मी ते कधीच दाबले नव्हते.

त्यात रस्त्याचा आवाज मिसळतो. रहदारीची घरघर गाण्यातल्या हळुवार जागा झाकून टाकते, मग आपण आवाज वाढवतो, मग तो टोचतो. गंगापूर रोडला पहाटे किंवा रात्री उशिरा, दारे लावून, मध्यम आवाजात ऐकणे आणि संध्याकाळी सातला ऐकणे ही दोन वेगळी यंत्रे वाटावीत इतका फरक आहे.

कानाचीही विचारपूस करावी. वयानुसार उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात, आणि कानात मळ साचणे हे कारण तर इतके साधे आहे की ते सुचतच नाही. मिरवणुकीत ढोलपथकाशेजारी तास-दोन तास काढल्यावर दुसऱ्या दिवशी सगळेच मंद आणि सपाट लागते. ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ, अशी कामाच्या ठिकाणची एक मान्य मर्यादा आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटेच मिळतात. हाय-फायवर लाखो रुपये घालणाऱ्याने मिरवणुकीसाठी कानात घालायचे बोळे घेतलेच पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते.

सवय, आणि समेपूर्वी बदललेले गाणे

खोली सुधारली, वायरी तपासल्या, तरीही मला पूर्वीसारखे रमायला होत नव्हते. राहिले होते ते माझ्यात होते. कोणत्याही सुखद बदलाची मनाला सवय होते आणि आनंद पूर्वीच्या पातळीवर येतो. मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याला पळत्या पट्ट्याची उपमा दिली, ज्यावर कितीही चालले तरी माणूस तेथेच राहतो. नव्या अ‍ॅम्प्लिफायरचे पंधरा दिवस हे त्या पट्ट्यावरचे होते. यंत्राने दिलेले सुख नवेपणाचे असते म्हणून ते विटते. बंदिशीचे सुख तसे विटत नाही, कारण तिच्यात दर वेळी नवी जागा सापडते. पण त्यासाठी लक्ष बंदिशीकडे असावे लागते, आणि माझे लक्ष झांजेच्या किणकिणाटाकडे, श्वासाच्या आवाजाकडे, डावे-उजवे नीट आहे का याकडे होते.

दुसरी सवय मोबाइलची, गाणे पुरते न ऐकताच बदलण्याची. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी आवडते संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली. सुखाशी संबंध असलेले डोपामिन हे रसायन उत्कट क्षणी तर स्रवतेच, पण तो क्षण येणार याची वाट पाहतानाही मेंदूच्या एका वेगळ्या भागात स्रवते, असे त्यांना दिसले. आपल्याकडच्या श्रोत्याला याचे नवल वाटायला नको. विलंबित एकतालात गायक मुखड्याकडे वळतो, सगळी बैठक आतून पुढे झुकते, आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आली की माना एकदम हलतात. ते सुख समेचे जितके, तितकेच वाट पाहण्याचे. दीड मिनिटात गाणे बदलणारा श्रोता ती वाटच पाहत नाही, मग सम कितीही स्वच्छ वाजली तरी ती त्याच्यासाठी येत नाही.

एक वेगळी शक्यता गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. गाण्यातलीच नव्हे, तर जेवण, माणसे, काम अशा सगळ्यातलीच गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, झोप बिघडली असेल, तर तो प्रश्न हाय-फायचा नाही. नैराश्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टरांना भेटावे, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

मी कशी सुरुवात केली

तीन आठवडे मी यंत्र लावलेच नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, रात्री साडेनऊला, एकच ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ऐकायचे असे ठरवले. मध्ये उठून काहीही हलवायचे नाही, ही अट सर्वांत अवघड गेली. सुरुवात मुद्दाम गायक द. वि. पलुस्करांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून आलेल्या मुद्रणांपासून केली. त्यांचे वडील पं. विष्णू दिगंबर यांचा आश्रम पंचवटीत होता, त्यामुळे आमच्या वाड्यात हे नाव घरच्यासारखे घेतले जाई. त्या तबकड्यांच्या एका बाजूला सुमारे ३ मिनिटेच मावत, वरचे आणि खालचे स्वर नीट उमटत नसत, आणि खरखर सतत साथीला असते. हाय-फायच्या कसोटीला त्यातले काहीच उतरणार नाही. तरी तीन मिनिटांत राग उभा राहतो, आणि पहिल्या रात्री मला ते मुद्रण संपल्यावर स्पीकर कुठे ठेवले आहेत याची आठवण झाली नाही.

मग हळूहळू मोठ्या ख्यालांकडे गेलो. सोफा आता भिंतीपासून अडीच फुटांवर आहे आणि त्यामागे केर काढायला जागा झाली आहे. वडील रविवारी येतात, तेव्हा मी त्यांना मधल्या जागेवर बसवतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि बडा ख्याल संपेपर्यंत काही बोलत नाहीत.